लालसोटची माघार : यश की अपयश?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदा हे गाव संत शेख महंमद यांच्या वास्तव्यासाठी जसे ओळखले जाते, तसेच ते शिंदे घराण्याचे दक्षिणेतील ठाणे म्हणूनही. पेशवेकालीन कागदांत ते चांभारगोंदे या जुन्या नावाने येते. शिंद्यांचे मूळ गाव सातारा भागातील कण्हेरखेड, पराक्रमाची भूमी माळवा आणि हिंदुस्थान; पण श्रीगोंदा आणि पारनेर तालुक्यातील जामगाव ही या घराण्याची नगर प्रांतातील हक्काची ठिकाणे होती. उज्जैन, मथुरा, दिल्ली येथे बादशाहीचा कारभार हाकणारे महादजी शिंदे स्वतःला शेवटपर्यंत 'पाटील' म्हणवून घेत राहिले. 'पाटीलबावा' हे नाव त्यांना त्यावरूनच मिळाले.

महादजींच्या चरित्रातील विजयांची यादी मराठी वाचकाला बहुधा पाठ असते. वडगाव, ग्वाल्हेर, दिल्ली, पाटण, मेडता ही नावे शालेय पुस्तकांतूनही येतात. लालसोट मात्र एखाद्या वाक्यात उरकले जाते, आणि त्या वाक्यातला शब्द लेखकागणिक बदलतो. कोणी 'पराभव' म्हणतो, कोणी 'पिछेहाट', तर कोणी 'कुशल माघार'. राजस्थानात तोच प्रसंग तुंग्याचा विजय म्हणून सांगितला जातो. ऑगस्ट १७८७ मध्ये जयपूरच्या सरहद्दीवरून महादजींनी आपली फौज मागे घेतली, एवढ्या घटनेबद्दल दुमत नाही. ती फसली की साधली, हा वाद मात्र सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. युद्धातील माघारीचे मोजमाप कोणत्या मापाने करायचे, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी आहे.

खंडणीचे प्रकरण

१७८४ च्या अखेरीस बादशहा शाह आलम याने वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांच्या नावे दिले आणि त्यांचे नायब म्हणून महादजींकडे बादशाहीचा सर्वाधिकार आला. अधिकार मोठा होता. खजिना मात्र रिकामा होता. बादशहाचा खर्च, मिर्झा नजफखानाच्या वेळची जुनी मोगल फौज, स्वतःची दक्षिणी पथके आणि नव्याने उभारलेल्या कवायती पलटणी हे सारे ज्या उत्पन्नावर चालवायचे, ते उत्पन्न दोआबातील अमीरउमरावांनी आणि राजपूत संस्थानांनी अडवून धरले होते. पुण्याहून पैसा येण्याऐवजी पुण्यालाच हिंदुस्थानातून रकमा हव्या होत्या. अशा स्थितीत जयपूरकडे थकलेल्या खंडणीचा तगादा लावण्यावाचून महादजींपुढे दुसरा मार्ग नव्हता. १७८६ मध्ये ६३ लाखांचा आकडा ठरला, त्यातील थोडी रक्कम हाती आली आणि उरलेली राहिली. ती वसूल करण्यासाठी १७८७ च्या आरंभी महादजी स्वतः जयपूरच्या मुलखात उतरले.

जयपूरच्या गादीवर त्या वेळी सवाई प्रतापसिंह होता. पुढे हवामहल बांधणारा तो हाच. (महादजींच्या बाजूला असलेला अलवर-माचेडीचा राव राजाही प्रतापसिंहच, दोघांची गल्लत करणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात.) जोधपूरच्या विजयसिंहाने भीमराज सिंघवी याच्याबरोबर राठोडांची फौज जयपूरच्या मदतीला धाडली. त्यात भर पडली ती फितुरीची. बादशाही फौजेतील मातब्बर सरदार महंमद बेग हमदानी आणि त्याचा पुतण्या इस्माईल बेग हे मे महिन्यात शत्रूला जाऊन मिळाले. कुमक येईपर्यंत महादजी जयपूरजवळून लालसोटच्या बाजूस सरले आणि बुंदेलखंडातून खंडेराव हरी व सव्होयी सेनानी द बॉयन यांना त्यांनी जवळ बोलावून घेतले. म्हणजे ऑगस्टमधील माघार ही त्या मोहिमेतील पहिली माघार नव्हती. मागे सरून बळ एकवटण्याचा डाव ते आधीच एकदा खेळले होते.

२८ जुलै १७८७ रोजी जयपूरच्या आग्नेयेस, लालसोटच्या वायव्येला असलेल्या तुंगा गावाजवळ दोन्ही सैन्यांची गाठ पडली. राठोड घोडेस्वारांनी मराठी फौजेवर घातलेला हल्ला त्या दिवसाचे वैशिष्ट्य ठरला. द बॉयनच्या दोन पलटणींनी तोफा आणि संगिनी यांच्या बळावर तो पेलला. हमदानी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. सायंकाळी दोन्ही बाजू आपापल्या मुक्कामाला परतल्या. रणांगण कोणी सोडले नव्हते, कोणाचा मुख्य सरदार पकडला गेला नव्हता, निशाण हरपले नव्हते. एका दिवसाच्या लढाईपुरता निकाल द्यायचा तर तो 'अनिर्णित' असाच द्यावा लागेल.

मग महादजी मागे का फिरले? याचे उत्तर २८ जुलैच्या रणांगणावर सापडत नाही. ते पुढच्या दोन-तीन दिवसांत छावणीत मिळते.

छावणीतील पराभव

छावणीत धान्य महागले होते आणि शत्रूची पथके रसद अडवीत होती. सर्वांत वाईट म्हणजे जुन्या मोगल फौजेच्या हिंदुस्थानी पलटणींचा पगार कित्येक महिने थकला होता. पगारासाठी शिपायांनी सरदाराच्या तंबूपुढे धरणे धरून बसणे ही त्या काळची नित्याची गोष्ट. पण शत्रू कोस-दोन कोसांवर असताना आणि आपलाच जुना सेनापती त्या शत्रूच्या बाजूला असताना धरण्याचा अर्थ बदलतो. जुलै सरता सरता या पलटणी आपल्या तोफा घेऊन उघडउघड इस्माईल बेगाला जाऊन मिळाल्या. लढाईत गमावले नव्हते ते महादजींनी पगाराच्या फडावर गमावले.

या क्षणी त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. उरलेल्या दक्षिणी फौजेनिशी लढाईचा शेवटचा डाव खेळणे, ही पहिली. दुसरी, जागेवर मोर्चे धरून पुण्याच्या कुमकेची वाट पाहणे. तिसरी, भर पावसाळ्यात तोफा, दारूगोळा, जखमी आणि बुणगे यांसह मागे फिरणे. पहिल्या वाटेचे पर्यवसान काय होते ते महादजींना सांगण्याची गरज नव्हती. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर उपाशी फौज निकराने बाहेर पडली, त्या दिवशी ते तिथे होते. तेथून जखमी अवस्थेत निघताना पायाला झालेली जखम त्यांना जन्मभर लंगडे करून गेली. त्यांना बैलावर घालून वाचवणारा राणेखान भिस्ती पुढे त्यांचा 'भाई' आणि सेनानी झाला, आणि लालसोटच्या मोहिमेत तोच राणेखान त्यांच्याबरोबर होता. दुसऱ्या वाटेचे भवितव्यही पानिपतानेच दाखवून दिले होते. कोंडलेल्या छावणीत शत्रूच्या तलवारीआधी भूक पोहोचते.

शिंदे घराण्याच्या दृष्टीने तिसरी वाट सोपी नव्हती. १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे जखमी होऊन पडले, तेव्हाचे 'बचेंगे तो और भी लडेंगे' हे उद्गार परंपरेने त्यांच्या तोंडी घातले आहेत. ते म्हटले जातात ते न हटणाऱ्या वीराचे म्हणून. अर्थ नीट पाहिला तर मात्र जगलो तर पुन्हा लढू, हा माघारीचाच सिद्धान्त आहे. दत्ताजींना तो अमलात आणण्याची संधी मिळाली नाही. त्यांच्या धाकट्या भावाने तो सत्तावीस वर्षांनी आणला.

१ ऑगस्टला कूच सुरू झाले. फौज लढाईच्या रचनेत, तोफा हाताशी ठेवून निघाली. चंदावल, म्हणजे पिछाडी सांभाळणारी तुकडी, हा अशा कूचातला कळीचा भाग असतो, कारण पाठलाग करणाऱ्याचा पहिला घाव तिच्यावर पडतो आणि ती फुटली की पुढची सारी फौज गर्दी होऊन जाते. द बॉयनच्या पलटणी या वेळी विशेष उपयोगी पडल्या. लालसोट ते डीग या वाटेवर बाणगंगेसारख्या पावसाळी नद्या आहेत, आणि ऑगस्टमध्ये तोफेचे चाक चिखलात रुतले तर ते काढायला लागणारा वेळ हाच शत्रूचा वेळ असतो. इस्माईल बेगाने पाठलाग केला, पण फौज फोडणे त्याला जमले नाही. जयपूर आणि जोधपूरच्या फौजांनी तर मोठा पाठलाग केलाच नाही. शत्रू मुलखाबाहेर गेला यातच त्यांनी समाधान मानले. ऑगस्टमध्येच महादजी डीग-अलवरच्या आसऱ्याला सुखरूप पोहोचले. जड सामान आणि कुटुंबकबिला ग्वाल्हेरकडे रवाना झाला.

दोन फसलेल्या माघारी

ही माघार किती कठीण होती ते त्याच काळातील दुसऱ्या दोन माघारींशी ताडून पाहिले की कळते.

पहिली महादजींनी स्वतः समोरून पाहिली होती. रघुनाथरावांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज १७७८ च्या नोव्हेंबरमध्ये निघाली. तिच्याबरोबर सामान वाहणारे १९ हजार बैल होते, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. बोरघाट चढून ती ९ जानेवारी १७७९ रोजी तळेगावला पोहोचली तेव्हा गाव जाळून मोकळे केलेले आढळले. दोन दिवसांत सेनाधिकाऱ्यांचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून, कोठारे पेटवून ती फौज गुपचूप मागे निघाली. पेटलेल्या कोठारांनीच ती निघाल्याची वर्दी दिली. मराठी पथकांनी रात्रीतच तिला गाठले. कॅप्टन हार्टलेच्या पिछाडीने शर्थ केली, तरी वडगावला वेढा पडला आणि काही दिवसांतच तहावर सही करावी लागली. तो तह कंपनीने पुढे नाकारला हा भाग वेगळा. माघार म्हणून पाहिली तर ती सर्व अंगांनी फसली. निर्णय घाबरून झाला होता, तोफा आधीच टाकून दिल्या होत्या आणि पोहोचण्याचे ठिकाण गाठताच आले नाही.

दुसरी माघार लालसोटनंतर सतरा वर्षांनी झाली. १८०४ च्या जुलैमध्ये कर्नल मॉन्सन पाच पलटणींनिशी यशवंतराव होळकरांपुढून मुकुंदरा घाटातून मागे फिरला. मुलूख जवळपास तोच, महिने तेच, पाऊस तोच. कोट्याच्या बाजूला काळ्या मातीत रुतलेल्या तोफा निकामी करून सोडाव्या लागल्या, बनास ओलांडताना फौजेचे हाल झाले आणि ऑगस्टच्या अखेरीस आग्र्याला पोहोचले ते एका फौजेचे विस्कळीत अवशेष होते. दारूगोळ्यात आणि कवायतीत इंग्रज फौज महादजींच्या १७८७ मधील फौजेहून सरस होती. तरी निकाल उलटा लागला.

या दोन उदाहरणांच्या शेजारी ठेवली म्हणजे लालसोटची माघार लष्करी कृती म्हणून उत्तम ठरते, याबद्दल शंका राहत नाही. फौज फौजेच्या रूपात बाहेर पडली आणि फौजेच्याच रूपात पोहोचली. महादजींच्या चरित्रकारांपैकी बहुतेकांनी हेच माप लावले आणि यशाचा शेरा मारला. वाद इथेच संपला असता. पण माघारीत मागे काही राहते, आणि त्याचा हिशेब या शेऱ्यात येत नाही.

मागे राहिलेले

महादजी मागे सरताच त्यांचा उत्तरेतील व्याप एकेका ठाण्यानिशी निसटू लागला. दिल्लीत महादजींचे जावई लाडोजी शितोळे देशमुख आणि शाह निजामुद्दीन यांच्याकडे बंदोबस्त होता. त्याच ऑगस्टमध्ये रोहिला सरदार गुलाम कादिर यमुनेच्या पैलतीरावर आला आणि या दोघांनी थोड्याशा चकमकीनंतर राजधानी सोडली. एकाच महिन्यात शिंद्यांच्या दोन माघारी घडल्या. पहिली आखून, पिछाडी राखून झाली, दुसरी पळून. मराठी इतिहासलेखनात पहिलीची चर्चा पुष्कळ होते, दुसरी तळटीपेत जाते. वास्तविक तिचे परिणाम अधिक भीषण झाले. सप्टेंबरमध्ये गुलाम कादिरने बादशहाकडून मीर बक्षीचे पद उकळले. अलीगड गेले, दोआबातील अंमल उठला. राजपुतान्यात राठोडांनी अजमेर घेतले. इस्माईल बेगाने आग्र्याला वेढा घातला. १७८७ सरता सरता महादजी चंबळेच्या दक्षिणेस गेले होते आणि उत्तर हिंदुस्थानात त्यांच्या नावाने लढणारा एकच मोठा किल्ला उरला होता, तो म्हणजे आग्रा.

आग्र्याच्या किल्ल्यात लखबादादा लाड होते. वेढा महिनोन्‌महिने चालला. किल्ला पडला असता तर लालसोटच्या सुरेख माघारीला काही अर्थ उरला नसता, कारण परत येण्यासाठी दरवाजाच शिल्लक राहिला नसता. माघार घेणारा सेनापती नावाजला जातो. त्याच्यासाठी जागा धरून ठेवणाऱ्याचे नाव लोक विसरतात. लखबादादांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे.

या काळात भरतपूरचा जाट राजा रणजितसिंग याच्याशी केलेला स्नेह महादजींच्या फार उपयोगी पडला. नजफखानाच्या वेळी जाटांनी गमावलेला मुलूख परत देऊन त्यांनी तो जोडला होता. ज्या संस्थानाच्या आधाराने मागे थांबायचे त्याला आधी आपलेसे करून घ्यायचे, हे धोरण पानिपतच्या वेळी भाऊसाहेबांना साधले नव्हते. सूरजमल जाट छावणी सोडून निघून गेला होता. महादजींनी ती चूक टाळली.

२४ एप्रिल १७८८ रोजी चाकसाना येथे राणेखान, द बॉयन आणि जाट यांची इस्माईल बेग व गुलाम कादिर यांच्याशी गाठ पडली. त्यातही मराठी फौजेला भरतपूरकडे हटावे लागले. १८ जून १७८८ रोजी आग्र्याजवळ मात्र इस्माईल बेगाचा पूर्ण मोड झाला आणि किल्ल्याचा वेढा उठला. लालसोटहून निघालेली फौज साडेदहा महिन्यांनी पुन्हा विजयी झाली होती. दिल्ली तेथून फार दूर नव्हती.

आणि तरीही पुढचे सात आठवडे महादजींच्या चरित्रातील सर्वांत अवघड आठवडे आहेत. जुलैच्या मध्यास गुलाम कादिर दिल्लीच्या लाल किल्ल्यात शिरला. ३० जुलैला त्याने शाह आलमला गादीवरून दूर केले आणि १० ऑगस्ट १७८८ रोजी वृद्ध बादशहाचे डोळे काढले. बादशाही जनान्याची जी विटंबना झाली तिची वर्णने समकालीन अखबारांत आणि मराठी वकिलांच्या पत्रांत आहेत. लालसोटहून कूच केल्याला तेव्हा एक वर्ष आणि नऊ दिवस झाले होते. राणेखानाच्या हाताखालील मराठी फौजेने ऑक्टोबर १७८८ मध्ये दिल्लीचा किल्ला घेतला. डिसेंबरात गुलाम कादिर पकडला गेला, १७८९ च्या मार्चमध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली आणि अंध शाह आलम पुन्हा गादीवर बसवला गेला. त्याला दृष्टी मात्र कोणी परत देऊ शकत नव्हते.

ज्या बादशहाच्या रक्षणाची सनद महादजींकडे होती, त्याला मागे टाकून ते चंबळेपलीकडे गेले होते, हे त्यांच्यावरील सर्वांत गंभीर दूषण आहे. त्यांच्या बाजूने उत्तर असे दिले जाते की बादशहाला वाचवण्यासाठी ऑगस्ट १७८७ मध्ये दिल्लीला धाव घेतली असती, तर उरलेली फौजही गेली असती आणि बादशहाही वाचला नसता. ते बरोबर आहे. पण ते लालसोटपुरतेच बरोबर आहे. जून १७८८ मध्ये आग्रा सुटल्यावर दिल्लीकडे तातडीने का गेले नाहीत, या प्रश्नाला ते उत्तर पुरत नाही. फौजेच्या थकलेल्या पगाराचे, तुटपुंज्या रसदीचे आणि शाह आलमच्या दुटप्पी राजकारणाचे कारण पुढे केले जाते. बादशहाने या वर्षभरात गुलाम कादिरशीही संधान बांधले होते आणि महादजींशीही, हे खरेच. त्या कारणांत तथ्य आहे, तरी उशीर तो उशीरच.

पुण्याचा वाटा

दूषणाचा काही भाग पुण्याकडेही जातो. लालसोटनंतर महादजींनी नाना फडणविसांकडे पैसा आणि फौज यांची पुनःपुन्हा मागणी केली. नानांच्या मते उत्तरेतील हा पसारा महादजींनी दरबाराला न विचारता वाढवला होता आणि हिंदुस्थानातील उत्पन्नाचा हिशेब पुण्याला कधी पोहोचतच नव्हता. अलीबहादर आणि तुकोजी होळकर यांच्या हाताखाली फौजा निघाल्या, पण त्या पोहोचेपर्यंत १७८८ संपत आले होते. आग्रा सुटले होते, दिल्ली घेतली गेली होती. शिवाय या कुमकेबरोबर उत्तरेतील मुलखाच्या वाटणीचा तंटाही आला, आणि तो पुढे महादजींना रजपुतांइतकाच त्रास देत राहिला. जदुनाथ सरकारांनी १९३६ मध्ये संपादित केलेल्या पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराच्या पहिल्या खंडात या काळातील इंग्रज वकिलांचे कागद आहेत. ते वाचताना जाणवते की शिंद्यांच्या सत्तेच्या ओहोटीकडे इंग्रज जितक्या बारकाईने पाहत होते, तितक्या बारकाईने पुणे दरबार पाहत नव्हता.

निकालाची तारीख

दुसऱ्या महायुद्धातील डंकर्कचे उदाहरण या संदर्भात हटकून दिले जाते. १९४० च्या मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी तीन लाख ३८ हजारांहून अधिक दोस्त सैनिक फ्रान्सच्या किनाऱ्यावरून उचलून इंग्लंडला नेण्यात आले. ब्रिटिश जनतेने त्याला चमत्कार म्हटले, तर खुद्द चर्चिलनी संसदेत बजावले की माघारीने युद्धे जिंकली जात नाहीत. तोफा, रणगाडे, वाहने किनाऱ्यावरच राहिली. शेवटपर्यंत पिछाडी धरणारे सुमारे ३५ ते ४० हजार फ्रेंच सैनिक जर्मनांच्या हाती सापडले. लंडनहून पाहिले तर डंकर्क यश होते. पॅरिसहून पाहिले तर मित्राने हात सोडला होता. १९१५-१६ च्या गॅलिपोलीची गोष्ट आणखी विचित्र आहे. ती मोहीम संपूर्ण फसली, पण तिच्यातील शेवटची माघार इतकी बिनचूक झाली की शत्रूला पत्ताही लागला नाही. फसलेल्या मोहिमेतली ती एकच साधलेली कृती होती, आणि तिच्यामुळे मोहिमेचा निकाल बदलला नाही.

लालसोटची जात या दोहोंहून वेगळी आहे, कारण तिचा निकाल ज्या तारखेला लावावा त्या तारखेनुसार तो बदलतो. ऑगस्ट १७८७ मध्ये जयपूरला विचारले असते तर शिंदे हरले असे उत्तर मिळाले असते, आणि त्या उत्तरात खोटे काही नव्हते: खंडणी मिळाली नाही, मुलूख सुटला, फौजेचा एक भाग फितला. मोहिमेचा हेतू जर ६३ लाखांची वसुली हा होता, तर ती मोहीम सपशेल फसली. १८ जून १७८८ रोजी आग्र्याच्या तटावर लखबादादांना विचारले असते तर उत्तर अगदी उलट आले असते. १० ऑगस्ट १७८८ रोजी दिल्लीच्या किल्ल्यात हा प्रश्न विचारण्याचीही कोणाची छाती झाली नसती. २० जून १७९० ला पाटण आणि १० सप्टेंबर १७९० ला मेडता येथे अनुक्रमे इस्माईल बेग व त्याचे राजपूत साथीदार आणि राठोड यांचा पाडाव झाला, अजमेर परत आले, तेव्हा मराठी कागदांत लालसोटचा बदला पुरा झाल्याची भावना स्पष्ट होती.

चरित्रकार साधारणपणे शेवटची तारीख निवडतात. ते समजण्यासारखे आहे, पण त्यात एक धोका आहे. पाटण आणि मेडत्याचे विजय लालसोटच्या माघारीतून आपोआप उगवले नाहीत. मधल्या काळात आग्रा पडले असते, जाट फिरले असते किंवा इस्माईल बेग आणि गुलाम कादिर यांच्यात फाटाफूट झाली नसती, तर तीच माघार आज पानिपतानंतरचा दुसरा आघात म्हणून नोंदली गेली असती. माघार ही पुढच्या विजयाची हमी नसते. ती फक्त पुढचा डाव खेळण्याची शक्यता राखते, आणि लालसोटच्या माघारीने तेवढे काम चोख केले. ती यशस्वी होती असे म्हणायचे तर याच मर्यादित अर्थाने म्हणावे लागेल. तिची किंमत बादशहाने आणि दोआबातल्या रयतेने दिली, ती त्या यशातून वजा करता येत नाही. तिचा रकाना वेगळाच ठेवावा लागतो.

अपयश कुठे होते, याचे उत्तर महादजींच्या पुढच्या वागण्यातून मिळते. द बॉयन आग्र्यानंतर काही काळ नोकरी सोडून लखनौला व्यापारात गेला होता. १७९० मध्ये त्याला परत बोलावून महादजींनी दहा पलटणींचा कंपू उभा करायला सांगितले. अलीगडच्या बाजूचा दोआबातील मुलूख या कंपूच्या खर्चासाठी तोडून दिला गेला. त्याचा वसूल थेट द बॉयनकडे जाई आणि शिपायांचा पगार ठरल्या वेळी हाती पडे. पाटण आणि मेडता येथे लढलेल्या या पलटणींत हिंदुस्थानी शिपाईच होते, लालसोटहून इस्माईल बेगाकडे निघून गेलेल्या पलटणींत होते तसलेच. या वेळी एकही पलटण फुटली नाही.